तीन जुन्या मार्करांतून एक चांगला पेंटबॉल मार्कर: खान्देशच्या उन्हात टिकेल अशी जुळणी

बंद पडलेला पेंटबॉल मार्कर, म्हणजे रंगाचे बॉल मारणारी गॅसवरची बंदूक, भंगारात घालायची घाई करू नये. एकाचं बॅरल सरळ आणि स्वच्छ असतं, दुसऱ्याचा व्हॉल्व्ह अजून गळत नाही, तिसऱ्याची ग्रिप हाताला बरोबर बसते. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा तापीकाठी शेतावर ज्यांनी पाहुण्यांसाठी हा खेळ सुरू केला, त्यांच्याकडे दोन-तीन हंगामांत असे अर्धवट मार्कर साठतातच. अशा तिघांतून एक धड मार्कर उभा राहतो. पण तो कुठल्याही भागाला कुठलाही भाग जोडून उभा राहत नाही.

आधी एक नियम पक्का करा. व्हॉल्व्ह, हॅमर आणि सिअर हे तिन्ही, त्यांच्या स्प्रिंगांसह, एकाच मॉडेलचे ठेवायचे. बदल करायचे ते यांच्या बाहेर: बॅरल, हॉपर (बॉल साठवायचा वरचा डबा), फीड नेक (हॉपर बसतो ती मान), गॅसची नळी, बाटलीचा अडॅप्टर, ग्रिप. कारण असं. साध्या ब्लोबॅक मार्करमध्ये ट्रिगर ओढला की सिअर हॅमरला सोडतो, हॅमर व्हॉल्व्हच्या पिनवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. त्या क्षणात सुटलेला काही गॅस बॉलला पुढे ढकलतो आणि काही हॅमरला मागे रेटतो, इतका मागे की सिअरने त्याला पुन्हा पकडावं. हॅमरचं वजन, मुख्य स्प्रिंगचा जोर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा जोर आणि गॅसचा दाब या चौघांचा हिशोब कंपनीने जुळवलेला असतो. त्यातला एक परका आला की मार्कर एक तर परत कॉक होत नाही (हॅमर मागे धरला जात नाही), नाही तर एका ट्रिगरला चार-पाच बॉल सोडतो. समोर माणूस उभा असतो, म्हणून दुसरा प्रकार जास्त वाईट.

पाया कोणता धरायचा

तीन मार्करांपैकी ज्याचं पोट, म्हणजे आतली व्हॉल्व्ह-हॅमर-सिअरची रचना, सर्वांत निरोगी तो पाया, दिसायला कसाही असो. पोट तपासायला गॅस लागत नाही. कॉक करून पाहा, सिअर खट्‌कन धरतो का? मुद्दाम हळू ट्रिगर दाबा, सुटण्याची जागा दरवेळी तीच आहे का? मग उघडून सिअर आणि हॅमर जिथे एकमेकांना धरतात त्या कडा भिंगातून पाहा. कड गोल झाली असेल तर तो मार्कर पाया होऊ शकत नाही. तो सुटे भाग देणारा.

आपल्याकडे भाड्याच्या मैदानांवरून उतरलेले जे जुने मार्कर हाती लागतात त्यांत टिपमन आणि स्पायडर ही दोन घराणी मोठी. टिपमनचं मॉडेल ९८ हे १९९८ मध्ये आलं, पुढे ९८ कस्टम. त्याचं रिसीव्हर, म्हणजे बाहेरचा सांगाडा, दोन उभ्या अर्ध्यांचं असतं. स्क्रू काढले की एक अर्धा उचलता येतो आणि सगळी रचना डोळ्यांसमोर दिसते. शिकायला आणि जुळणीला याच्याइतका सोयीचा पाया दुसरा नाही. स्पायडरची रचना वेगळी. एकावर एक दोन नळ्या, वरच्या नळीत बोल्ट (बॉलला बॅरलमध्ये सरकवणारा दांडा), खालच्या नळीत हॅमर, दोघांना जोडणारी पिन. मागची टोपी काढली की पोट बाहेर. सफाईला हाच सोपा, पण स्पायडरसारखे दिसणारे नकली मार्कर इतके आहेत की बोल्टची लांबी आणि पिनचं भोक एकाचं दुसऱ्याला जुळेल याची खात्री देता येत नाही. दोन बोल्ट शेजारी ठेवून व्हर्नियरने मापल्याशिवाय अदलाबदल करू नका.

एकाच नावाखालीही फरक असतो. काही ९८ कस्टममध्ये एसीटी नावाची रचना आहे. बॉल अर्धवट आत असताना बोल्टने तो कापू नये म्हणून ती केली आहे. त्यांचा पुढचा बोल्ट आणि दोन बोल्टांना जोडणारी दांडी साध्या ९८ पेक्षा वेगळी. हे भाग जोडीने हलवा, सुटे नाही.

हत्यारं

ॲलन की इंचाच्या घ्या. या अमेरिकी मार्करांचे बरेच स्क्रू १/८ आणि ३/१६ इंची असतात. १/८ इंच म्हणजे ३.१८ मिलिमीटर, आपल्याकडच्या सेटमधली ३ ची की त्यात बसल्यासारखी वाटते, पण ढिली असते. जोर लावला की स्क्रूचं डोकं आतून गोल होतं आणि मग ड्रिलशिवाय तो निघत नाही. ५ ची की ३/१६ मध्ये जातच नाही, कारण ते भोक ४.७६ चं.

याशिवाय व्हर्नियर, आटे मोजायचा पिच गेज (इंचाचा आणि मिलिमीटरचा दोन्ही), टेफ्लॉन टेप, दातकोरणी, कापूस, पांढरं फडकं अंथरलेला ट्रे. फडकं हवंच. ९८ चं रिसीव्हर उघडताना ट्रिगर आणि सिअरच्या बारीक स्प्रिंगा उडतात. ओसरीवर उघडलंत तर त्या शोधण्यात दुपार जाते. उघडण्याआधी आणि प्रत्येक थर काढल्यावर मोबाइलने फोटो काढा.

उघडण्याआधी गॅस रिकामा करण्याची पद्धत ठरलेली आहे. हॉपर काढा, बॅरलमध्ये बॉल नाही हे पाहा, गॉगल नव्हे तर पूर्ण मास्क घाला. बाटली पाऊण फेरी सैल करा, सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबत राहा, आवाज येणं थांबलं की मगच बाटली पूर्ण काढा. बाटली काढल्यावरही एकदा कॉक करून सोडा.

बॅरल: आटे आधी, लांबी नंतर

बॅरलच्या आट्यांची चार घराणी लक्षात ठेवली की बहुतेक काम भागतं. टिपमन ९८ चे स्वतःचे आटे. टिपमन ए-५, एक्स-७ आणि फिनॉम यांचे एक. स्पायडरचे एक. चौथे ऑटोकॉकरचे, १५/१६ इंच व्यास आणि इंचाला २० आटे. डाय, प्लॅनेट इक्लिप्स, अझोडिन अशा बऱ्याच कंपन्यांनी हेच स्वीकारले आहेत. बॅरलची अदलाबदल सगळ्यात जास्त इथेच होते.

म्हणजे नाव एकच टिपमन असलं तरी ए-५ चं बॅरल ९८ ला लागत नाही. परीक्षा हाताची: हत्यार न लावता बॅरल तीन पूर्ण फेरे सहज फिरलं तर आटे तेच. एक-दीड फेऱ्यानंतर घट्ट झालं तर तिथेच थांबा. रिसीव्हर ॲल्युमिनियमचं आहे, त्याचे आटे मेले की पायाच गेला.

आटे जुळत नसतील तर अडॅप्टर. तयार मिळाला तर उत्तम, नाही तर जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतला चांगला टर्नर ६०६१ ॲल्युमिनियमच्या दांड्यातून करून देतो. त्याला नुसते आकडे देऊ नका. दोन्ही मार्करांचे भाग समोर ठेवा आणि तीन गोष्टी सांगा. पहिली, आतलं भोक आणि दोन्ही बाजूंचे आटे एकाच केंद्रावर हवेत, म्हणून दांडा मधेच चकमधून काढून उलटा करायचा तर डायल गेज लावून सेंटर करायचा. दुसरी, आतल्या भोकात पायरी नको. बॉल ज्या बाजूने येतो तिकडच्या कडेला हलका उतार द्यायचा. तिसरी, बॅरलचं मागचं तोंड मूळ बॅरल जिथे टेकत होतं तिथेच टेकलं पाहिजे. एखाद मिलिमीटरची पोकळी राहिली तरी बॉलची कातडी तिथे अडकून फाटते. अडॅप्टर लावल्यावर मोबाइलचा दिवा मागून धरून समोरून पाहा. आत चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर तो वाकडा बसलाय, पुन्हा करून घ्या.

लांबीच्या बाबतीत १२ ते १४ इंच पुरे, म्हणजे ३० ते ३५ सेंटिमीटर. त्याहून लांब बॅरलने नेम सुधारत नाही. बॉलला जास्त अंतर घासत जावं लागतं आणि गॅस जास्त खर्च होतो. नेम ठरतो बॉल आणि बॅरलच्या भोकाच्या मेळावर. ०.६८ कॅलिबरचा बॉल नावाला १७.३ मिलिमीटरचा, प्रत्यक्षात पेटीपेटीत फरक असतो. बॅरल हातात घेऊन मागून एक बॉल घाला. आपोआप घरंगळून बाहेर पडला तर भोक मोठं, फुंकूनही हलला नाही तर लहान. जागेवर थांबावा आणि एका फुंकरीत निघावा, हे माप बरोबर. तीन बॅरलं असतील तर तिन्ही ठेवा आणि बॉलच्या नव्या पेटीसोबत ही परीक्षा पुन्हा करा.

टिपमनचं फ्लॅटलाइन बॅरल वाकवलेलं असतं आणि बॉलला उलटी फिरकी देतं. ते ९८ साठी वेगळं आणि ए-५ साठी वेगळं बनतं. त्याला अडॅप्टर करायच्या फंदात पडू नका, कारण वाक वर-खाली अचूक बसला नाही तर बॉल भलतीकडे वळतो.

फीड नेक आणि बॉल अडवणारा काटा

हॉपरचं तोंड साधारण एक इंची असतं, पण प्रत्येक कंपनीचं थोडं जाड-बारीक. क्लॅम्पवालं फीड नेक असेल तर फरक खपतो. नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवा. एम-सीलने कायमचं चिकटवू नका, कारण आत बॉल फुटला की हॉपर काढावाच लागतो.

बॉलला बॅरलमध्ये आपोआप पुढे सरकू न देणारा छोटा काटा किंवा रबरी दाणा असतो, त्याला डिटेंट म्हणतात. तो पायाच्या मार्करचाच ठेवा आणि नवाच घाला, स्वस्त असतो. परीक्षा: गॅस नसताना कॉक करून एक बॉल आत सोडा आणि मार्करचं तोंड जमिनीकडे करा. बॉल घरंगळला तर डिटेंट झिजलाय. अशा मार्करमध्ये दोन बॉल एकदम आत येतात आणि बोल्ट दुसऱ्याचे दोन तुकडे करतो. मार्कर सारखे बॉल फोडतो अशी जी तक्रार असते तिचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं, पण लोक बॅरलच बदलत बसतात.

ए-५ ची सायक्लोन फीड (बॉल आपोआप आत भरणारी फिरकी) व्हॉल्व्हमधल्या गॅसवर चालते, म्हणजे ती पोटाशी जोडलेली आहे. टिपमनने ९८ साठी तिचा वेगळा संच काढला होता. तो मिळाला तर बसवा. ए-५ वरून उतरवून ९८ ला लावण्यासाठी रिसीव्हरला भोक पाडणं मात्र चुकीचं.

गॅसची वाट: इथे खान्देशात हमखास चूक होते

मार्करच्या गॅस फिटिंगचे आटे १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी पाइपच्या मापाचे असतात. आपल्या बाजारात, जिथे ठिबकचं आणि न्यूमॅटिकचं सामान गल्लीगल्लीत मिळतं, तिथे दुकानदार १/८ मागितलं की १/८ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं काढून देतो. दोन्ही दिसायला सारखी. पण एनपीटीला इंचाला २७ आटे आणि बीएसपीला २८. एकाच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. त्यामुळे बीएसपी फिटिंग एनपीटी भोकात दोन-तीन फेरे सुरेख जातं, मग घट्ट होतं, आणि बसलं असं वाटतं. कमी दाबावर गळतही नाही. ५०-६० बारला मात्र फुसफुसायला लागतं, आणि जोर लावून आवळलं तर मार्करचेच आटे मरतात. पिच गेज जवळ ठेवायचं खरं कारण हे आहे. फिटिंग विकत घेण्याआधी दुकानातच गेज लावून २७ मोजा.

टेफ्लॉन टेप फक्त एनपीटी आट्यांवर, दीड-दोन वेढे, फिटिंग आवळताना टेप सुटणार नाही अशा दिशेने, आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडून. तिथे टेप असली तर तिचा तुकडा तुटून व्हॉल्व्हमध्ये जातो. बाटलीच्या आट्यांवर टेप कधीच नाही, कारण तिथे गॅस ओ-रिंग अडवते, आटे नाही.

नळीच्या बाबतीत तडजोड नको. स्टीलच्या जाळीची मूळ नळी असेल तर तीच वापरा. न्यूमॅटिकच्या दुकानातली निळी ६ मिलिमीटरची पीयू नळी साधारण १० बारची असते. मार्करमध्ये ६० बार आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त दाब येतो. ती फुटते, आणि फुटते ती गालाजवळ. शिवाय पेंटबॉलच्या मॅक्रोलाइन नळीचा बाहेरचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे ६ ची नळी त्या फिटिंगमध्ये धरतही नाही. फवारणी पंपाची नळीही नको.

बाटलीचे आटे सर्व घराण्यांत सारखे असल्याने कोणतीही बाटली कोणत्याही मार्करला लागते. तिच्या तोंडची ओ-रिंग ०१५ मापाची: आतला व्यास १४ मिलिमीटर, जाडी १.७८. ती पॉलियुरेथेनची, ९० ड्यूरोमीटर कडकपणाची घ्या. पंपाच्या दुकानातली काळी नायट्राइल रिंग मापाने बसते, पण कार्बन डायऑक्साइड तिच्यात मुरतो आणि बाटली काढताच ती फुगून फाटते. दहा-वीस रिंगा एकदम मागवून ठेवा.

बाटलीला लेथ, वेल्डिंग, पंच, घासकाम काहीही करायचं नाही. बाटलीचा व्हॉल्व्ह बाटलीतून सैल होऊन सुटल्याने परदेशात माणसं मेली आहेत. म्हणून बाटली आणि व्हॉल्व्ह यांच्या सांध्यावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. रेघेचे दोन भाग सरकलेले दिसले तर बाटली काढायला जाऊ नका. मार्करवर असतानाच, तोंड मोकळ्या जागेकडे धरून, सगळा गॅस उडवून टाका आणि बाटली जाणकाराकडे द्या. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ५ वर्षांनी, तारीख बाटलीवर ठोकलेली असते. तारीख गेलेली बाटली भरू नये.

मे महिन्यातला दाब

पुस्तकात लिहिलेले आकडे २१ अंशांचे असतात. त्या तापमानाला कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत सुमारे ८५० पीएसआय (५९ बार) दाब असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत तो फारसा बदलत नाही. पण ३१ अंशांच्या वर या वायूचा द्रव राहतच नाही. मग दाब ठरतो बाटली किती भरली यावर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या वेळी नियमाप्रमाणे पूर्ण भरलेल्या बाटलीत सुमारे १८०० पीएसआय होतात, आणि ॲल्युमिनियमच्या बहुतेक बाटल्यांवरचा ३एएल१८०० हा शिक्का सांगतो की तिचा कामाचा दाबच तेवढा आहे. तीच बाटली उन्हातल्या बंद गाडीत ६० अंशांना पोहोचली तर २६०० च्या आसपास. तिथून सुरक्षा चकती फुटायला फार उरत नाही.

उपाय सोपा आहे: उन्हाळ्यात बाटली निम्मीच भरा. २० औंसाच्या बाटलीत पूर्ण भरल्यावर ५६७ ग्रॅम गॅस असतो. मार्च ते जूनमध्ये २८० ग्रॅम भरा. ४५ अंशांनाही दाब मग सुमारे १३०० वर थांबतो. भरणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नका. रिकाम्या बाटलीचं वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून त्याचं स्टिकर लावा आणि भरल्यावर पुन्हा तोला.

१३०० सुद्धा ब्लोबॅक मार्करला जास्तच आहेत. दाब फार वाढला की दोन विचित्र गोष्टी दिसतात. आधी वेग चढतो. आणखी वाढला तर गॅसच व्हॉल्व्हला आतून दाबून धरतो, हॅमरचा ठोका पुरत नाही, वेग एकदम पडतो आणि मार्कर कॉक होत नाही. अशा वेळी लोक जड स्प्रिंग घालतात. मग संध्याकाळी गारवा आला की तोच मार्कर मर्यादेच्या कितीतरी वर मारतो. स्प्रिंगला हात लावू नका, बाटली आणि मार्कर यांच्यामध्ये दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर घाला.

ज्यांना परवडतं त्यांनी सरळ दाबाच्या हवेची बाटली घ्यावी. तिच्यावरचा रेग्युलेटर ८०० ते ८५० पीएसआय एकसारखे देतो, दुपार असो वा संध्याकाळ. ३००० पीएसआयची छोटी १३ घनइंची बाटली पीसीपी (आधीच दाबाने हवा भरायच्या) एअर रायफलच्या हातपंपाने घाम गाळून भरता येते. त्यात शंभर-सव्वाशे बॉल निघतात. खान्देशासाठी आमचं मत हेच: जुळणीवर जो खर्च करायचा त्यातला पहिला हवेच्या बाटलीवर करा, दुसरा बॅरलवर.

ट्रिगर आणि ग्रिप

ग्रिपचे पॅनल, पुढची मूठ, बाटलीचा माउंट हे बाहेरचे भाग. स्क्रूच्या भोकांतलं अंतर जुळलं की झालं. ट्रिगर फ्रेमची गोष्ट वेगळी, कारण तिचा सिअरशी संबंध येतो. घराण्याच्या आतच बदल करा: ९८ ची दोन बोटांची ट्रिगर ९८ ला, स्पायडरची फ्रेम त्याच पिढीच्या स्पायडरला. ट्रिगर हलकी करण्यासाठी सिअर कानशीने घासू नका. त्याचा कडकपणा वरच्या थरातच असतो. तो गेला की कड आठवड्याभरात गोल होते.

जुळणीनंतरची तपासणी, याच क्रमाने

१. गॅस नाही, बॉल नाही. कॉक करा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा. सुटता कामा नये. सेफ्टी काढून मार्करचा मागचा भाग रबरी चटईवर तळहाताच्या जोराने आपटा. तरीही सुटता कामा नये.

२. गॅस आहे, बॉल नाही. मार्कर कॉक करून बाटली सावकाश लावा. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे बाटलीच्या तोंडाशी आले तर ओ-रिंग, फिटिंगशी आले तर टेप किंवा बीएसपीची भानगड, बॅरलच्या तोंडातून फुसफुस आली तर व्हॉल्व्हची बैठक खराब.

३. बॉलशिवाय सावकाश वीस वेळा चालवा. एकदा जरी आपोआप दोनदा सुटला तर पुढे जाऊ नका.

४. मग बॉल आणि क्रोनोग्राफ, म्हणजे बॉलचा वेग मोजायचं यंत्र. प्रत्येक बदलानंतर पाच बॉल मारा, सरासरी आणि सर्वांत मोठा आकडा दोन्ही लिहा.

वेगाची कमाल मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद, म्हणजे ९१ मीटर. बहुतेक मैदानं २८० वर थांबतात. पहिल्यांदा खेळणाऱ्या पाहुण्यांसाठी २६० ठेवा, ७९ मीटर होतात. जुळणी केलेल्या मार्करमध्ये एक फसगत ठरलेली आहे: ९८ च्या डाव्या बाजूचा वेगाचा स्क्रू आत फिरवला की वेग कमी होतो, कारण तो गॅसची वाट अरुंद करतो. स्पायडरचा मागचा स्क्रू आत फिरवला की वेग वाढतो, कारण तो स्प्रिंग दाबतो. दोन्ही घराणी वापरणाऱ्यांनी स्क्रूशेजारी रंगाने बाण काढून ठेवावा. आणि कार्बन डायऑक्साइडवर खेळत असाल तर वेग सकाळी आठला बांधू नका. बाटली दुपारच्या उन्हाइतकी तापल्यावर बांधा, नाही तर जेवणानंतरचा खेळ मर्यादेच्या वर चालतो.

बिघाड ओळखायला

एका ट्रिगरला अनेक बॉल सुटले तर आधी बाटलीत गॅस किती आहे ते पाहा. दाब संपत आला की हॅमर सिअरपर्यंत मागे पोहोचत नाही आणि आपोआप पुन्हा पुढे जातो. बाटली भरलेली असूनही तसंच झालं तर सिअरची कड किंवा त्याची स्प्रिंग. वेग दर बॉलला पन्नासाने वर-खाली होत असेल तर बॉल आणि बॅरल जुळलेले नाहीत, किंवा द्रव गॅस मार्करमध्ये येतोय: मार्करचं तोंड खाली करून भराभर मारलं की असं होतं, हिवाळ्यात जास्त. हॅमर जडपणे सरकत असेल तर ९८ मध्ये मागच्या बोल्टची ओ-रिंग सुकली आहे.

तेल पेंटबॉलसाठीचंच, दोन-तीन थेंब. रॉकेल, डिझेल, गंज काढायचे स्प्रे यांनी ओ-रिंगा फुगतात. इथल्या काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात वाऱ्यासोबत सगळीकडे शिरते. तेल जास्त झालं तर तिचा गाळ होऊन हॅमरच्या वाटेवर बसतो. दिवसाचा खेळ संपला की पुसून पुन्हा थेंबभर तेल द्या.

बॉल जिलेटिनच्या कातडीचे असतात. उन्हात ते मऊ होऊन चपटतात, आणि दमट हवेत फुगतात. म्हणून डेझर्ट कूलरच्या समोर ठेवू नका. थंड वाटली तरी ती हवा ओली असते. घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात गार कोरड्या खोलीत ठेवा, आणि डबा आठवड्यातून एकदा उलटा करा.

खेळताना एएसटीएम एफ१७७६ प्रमाणातला पेंटबॉल मास्क प्रत्येकाला हवा, पंचालाही. वेल्डिंगचा गॉगल, हेल्मेटची काच, उन्हाचा चष्मा यांतलं काहीही बॉल अडवत नाही. मार्कर मैदानाबाहेर नेताना बाटली आणि हॉपर काढलेले, बॅरलवर कापडी टोपी, सगळं बंद पेटीत. खऱ्या रायफलीसारखं दिसणारं आवरण चढवू नका. रस्त्यावर कुणी पाहिलं तर तो खेळण्याचा मार्कर आहे हे दुरून कळावं म्हणून बॅरलवर भगवी किंवा पिवळी टेप गुंडाळा, आणि प्रत्येक मार्करचं बिल पेटीत ठेवा.

त्याच पेटीत एक कार्ड असू द्या: पाया कोणता, बॅरल कुठल्या घराण्याचं, अडॅप्टर कुणाकडून केला, कुठे कोणत्या मापाची ओ-रिंग, फिटिंग एनपीटी की काही बदल केलाय, शेवटचा मोजलेला वेग आणि त्या वेळचं तापमान. पुढच्या हंगामात ओ-रिंगा मागवताना आणि मार्कर दुसऱ्याच्या हाती देताना हेच कार्ड लागतं.